नीरेची ताडी होण्याआधी: कमला सोहोनी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, झरीसारख्या गावांच्या बांधांवर, शिंदी आणि ताडाची झाडे जागोजागी उभी दिसतात. हिवाळ्यात या झाडांना बांधलेली मडकी उजाडायच्या आत खाली उतरवली, तर त्यांत रात्रभर थेंबथेंब साठलेला गोड, फिकट रस असतो. ही नीरा. तेच मडके ऊन चढेपर्यंत झाडावर राहिले तर रस गढुळतो, त्यावर फेस येतो, वास बदलतो आणि प्यायल्यावर डोके जड होऊ लागते. ही ताडी. आणखी एखादा दिवस गेला की ती इतकी आंबट होते की पिववत नाही. झाड एकच, मडके एकच. मधल्या काही तासांत काम करून गेलेले असते ते यीस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय बुरशी.

याच मडक्यातून लहान मुलाला पोषण मिळू शकते आणि याच मडक्यातून त्याच्या बापाला व्यसनही लागू शकते. एका मराठी स्त्री-शास्त्रज्ञाने स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या वर्षांत या रसाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहिले. नीरेत नेमके काय असते, ते किती टिकते आणि उपाशी माणसाला त्याचा उपयोग होतो का, हे तिने मोजून दाखवले. तिचे नाव डॉ. कमला सोहोनी. केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेल्या या बाईंनी ताडाच्या रसावर संशोधन का करावे, हे समजून घ्यायचे तर आधी त्या काळच्या झरीकडे पाहावे लागते.

झरीचा प्रश्न

२३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात असलेल्या झरी गावात वारली आदिवासींची मोठी परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने ती बोलावली होती. जमीनदाराकडे वेठ करायची नाही आणि दिवसाला १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय त्याच्या शेतावर जायचे नाही, असे तिथे ठरले. दिवसाचे १२ आणे मिळावेत म्हणून हजारो माणसांना एकत्र यावे लागत होते, यावरून घराघरांतल्या चुली किती वेळा पेटत असतील याची कल्पना येते.

अशा घरांना उन्हाळ्याच्या टंचाईत जंगलातले कंद, मोहाची फुले आणि ताड-शिंदीचा रस हाच आधार असे. मात्र या रसावरही त्यांचा पुरता हक्क राहिला नव्हता. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर रस काढण्यासाठी झाडागणिक कर आणि परवाना आला, दारूचे मक्ते दिले गेले, आणि झाडाखाली राहणाऱ्या माणसाला गुत्त्यावरची दारू विकत घ्यायची वेळ आली. कर्ज आणि दारू हातात हात घालून वाढली. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून सुरू होऊन गुजरातेपर्यंत पसरलेल्या देवीच्या चळवळीत हजारो आदिवासींनी स्वतःहून दारू आणि ताडी सोडली होती, हेही इथे सांगितले पाहिजे. व्यसनाचा धोका या समाजाला कुणी बाहेरून येऊन शिकवावा लागला नव्हता.

पुढे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला. ताडीवर बंदी आली, पण नीरेला वेगळी जागा ठेवावी लागली. आंबणार नाही अशी काळजी घेतलेल्या भांड्यात काढलेला, न आंबलेला रस म्हणजे नीरा, असे कायद्याने मानले. म्हणजे गुन्हा कुठे सुरू होतो, हे एका सूक्ष्मजीवाच्या कामावर अवलंबून राहिले! रस वाया घालवायचा, चोरून ताडी होऊ द्यायची, की त्यातून अन्न मिळवायचे, हा प्रश्न आता रसायनशास्त्राचा झाला होता.

बंगळुरूचे दार

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. घरात रसायनशास्त्राचे वातावरण होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा पुढे लोकसाहित्याची अभ्यासक आणि लेखिका म्हणून नावारूपाला आली. एका बहिणीने आदिवासींच्या कथा आणि चालीरीतींचा अभ्यास केला, दुसरीने गरिबाच्या ताटातल्या अन्नाचा.

१९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत संशोधन करायचे म्हणून त्यांनी अर्ज केला. तेव्हा सर चंद्रशेखर वेंकट रामन तिथे संचालक होते. गुण उत्तम असूनही, अर्जदार मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या बंगळुरूला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह करण्याची त्यांनी तयारी दाखवली. अखेर रामन यांनी अटींवर प्रवेश दिला. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशी तिसरी अट होती.

ती अट त्यांना आयुष्यभर बोचली. पण वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले, आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. एम. श्रीनिवासय्या यांच्या कडक शिस्तीत कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली. विषय तेव्हाच ठरून गेला होता: सामान्य माणसाला परवडणारे अन्न.

केंब्रिज आणि यीस्टचा श्वास

शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. डेरेक रिक्टर आणि रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना कमलाबाईंच्या हाती एक महत्त्वाची गोष्ट लागली. बटाट्याच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडले, आणि ते वनस्पतींच्या पेशींत सर्वत्र असते असे त्यांनी मांडले.

हे सायटोक्रोम म्हणजे काय, हे कळले की ताडीचे कोडेही उलगडते. कुठल्याही पेशीला साखरेतून ऊर्जा काढायची असते. ऑक्सिजन असेल तर साखर पुरती जाळता येते. तिचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते आणि ऊर्जा भरपूर मिळते. या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे पोचवण्याचे काम सायटोक्रोम करते. ऑक्सिजन नसेल तर पेशीला अर्धवट मार्गाने काम भागवावे लागते. आपल्या स्नायूंत तेव्हा लॅक्टिक आम्ल तयार होते, तर यीस्टमध्ये मद्यार्क. केंब्रिजमध्येच डेव्हिड कैलिन यांनी १९२५ मध्ये यीस्टच्या द्रावणात सायटोक्रोमच्या गडद रेषा पाहिल्या होत्या. द्रावण हवेत घुसळले की रेषा पुसट होत आणि स्वस्थ ठेवले की परत दिसत. यीस्ट श्वास घेते, ते असे डोळ्यांनी दिसले होते.

यीस्टची आणखी एक खोड आहे. साखर मुबलक असली तर हवा असतानाही ते मद्यार्क बनवत राहते. त्यामुळे गोड रसाचे मडके उघडे ठेवले म्हणून आंबणे थांबत नाही.

कमलाबाईंनी अवघ्या १४ महिन्यांत काम पुरे करून प्रबंध सादर केला. तो जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. परदेशात राहून पुढे जाण्याची संधी असताना त्या त्याच वर्षी भारतात परतल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन तीन विषय हाती घेतले: कडधान्ये, भाताचे पीठ आणि नीरा. तिन्ही गरिबांच्या घरातले. नीरेवर संशोधन करावे, ही सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची होती. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमात नीरा आणि ताडगुळाला आधीपासून स्थान होते. आता त्या आग्रहाला मोजमापाचा आधार हवा होता.

मडक्यात काय घडते?

ताजी नीरा साधारणपणे १० ते १५ टक्के साखरेचे द्रावण असते. यातली बहुतेक साखर उसातल्यासारखी, म्हणजे सुक्रोज. रस झाडातून निघतो तेव्हा जवळजवळ उदासीन असतो, आंबट नसतो. साखर, पाणी, थोडी नत्रयुक्त द्रव्ये, क्षार आणि ऊब असे सगळे एकत्र मिळाल्यावर सूक्ष्मजीवांना आणखी काही लागत नाही. ते झाडाच्या कापलेल्या भागावर, हवेत, माश्यांच्या पायांवर आणि सर्वांत जास्त म्हणजे जुन्या मडक्याच्या छिद्रांत असतात. कालच्या ताडीचे मडके नुसते विसळून पुन्हा बांधले, तर त्यात आजच्या रसाला विरजण आधीच लागलेले असते.

पहिल्या काही तासांत दुधाचे दही करणाऱ्या जातीचे जिवाणू आणि यीस्ट दोघेही कामाला लागतात. यीस्ट आधी सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, मग त्यांचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड. मडक्यावर येणारा फेस हा त्याच वायूचा. हिशेबाने १०० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम मद्यार्क होऊ शकतो. प्रत्यक्षात ताडीत साधारण ४ ते ६ टक्के मद्यार्क तयार होतो, कारण साखर वाटून घेणारे आणखी वाटेकरी असतात. त्यानंतर हवेतल्या ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात आणि ताडीचा शिरका होतो.

कडक बिअर बनवणाऱ्याचा सगळा खटाटोप याच जिवाला ताब्यात ठेवण्यासाठी असतो. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये यीस्टची एकच शुद्ध जात वाढवून दाखवली. तेव्हापासून बिअर करणारे हव्या त्या जातीचे यीस्ट मोजून घालतात. मद्यार्क ८ टक्क्यांपर्यंत न्यायचा तर जास्त साखर, जास्त आणि सशक्त यीस्ट, सुरुवातीला त्याच्या वाढीपुरता ऑक्सिजन आणि सतत राखलेला गारवा लागतो. यातले काही चुकले की यीस्ट अर्ध्यावर थकते किंवा नको ते वास सोडते. ताडीच्या मडक्यात यातले काहीच हातात नसते. जे यीस्ट आले ते आले, ऊन पडेल तेवढी ऊब. म्हणून दोन मडक्यांतली ताडी कधी सारखी नसते, आणि आज प्यायलेल्याचा अंदाज उद्या चुकतो.

नीरा टिकवायची असेल तर बिअरवाल्याच्या नेमके उलटे वागावे लागते. यीस्टला जे जे हवे ते ते नाकारायचे. मडके रोज धुऊन, तापवून किंवा धुरी देऊन घ्यायचे. आतून चुन्याचा पातळ हात फिरवायचा. चुना रस अल्कधर्मी करतो आणि त्यात यीस्ट व जिवाणू मान टाकतात. रस रात्रीच्या गारव्यात साठवून सूर्योदयाआधी उतरवायचा. उतरवल्यावर गाळून लगेच थंड करायचा किंवा उकळायचा. गूळ करायचा असेल तर जास्तीचा चुना काढून टाकून रस आटवायचा. रस थोडा जरी आंबला असेल तरी गूळ चिकट राहतो, घट्ट बसत नाही, कारण यीस्टने सुक्रोज आधीच फोडलेले असते. म्हणजे ताडगुळाची ढेप हाच नीरेच्या ताजेपणाचा पुरावा.

कमलाबाईंनी काय दाखवले?

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेचे पृथक्करण केले. त्यांना तिच्यात अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह उल्लेखनीय प्रमाणात मिळाले, आणि रस आटवून गूळ व काकवी केल्यावरही हे घटक टिकून राहतात असे दिसले. मग प्रश्न प्रयोगशाळेबाहेर नेला गेला. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश झाला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा आढळली. स्वस्त, जवळच मिळणारे आणि लोकांच्या ओळखीचे पूरक अन्न म्हणून नीरेचे महत्त्व त्यातून पुढे आले. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

या कामाचे मोल समजायचे तर त्यांचे कडधान्यांवरचे संशोधनही सोबत पाहावे. वाल, डबल बी यांसारख्या कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात, पण त्यांचे पचन अडवणारी द्रव्येही असतात. नीट भिजवून शिजवले की या द्रव्यांचा जोर बराच ओसरतो. म्हणजे अन्न चांगले की वाईट, हे बऱ्याचदा त्यावर कोणती प्रक्रिया होते यावर ठरते. नीरेचेही तेच. कमलाबाईंनी झाडाला दोष दिला नाही आणि झाडावर चढणाऱ्या माणसालाही दिला नाही. मधली प्रक्रिया समजून घेतली आणि ती कुठे थांबवली म्हणजे हातात अन्न राहते, ते पाहिले.

एवढे काम करूनही संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला सहज आले नाही. ते चार वर्षे लांबले, आणि त्याचे कारण पुन्हा तेच, बाई असणे. अखेर ते पद मिळाल्यावर त्यांनी संस्थेचा कारभार निगुतीने केला. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. निवृत्तीनंतर भेसळीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्या रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या कीमत या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेबद्दल लिहीत राहिल्या. वयाची ऐंशी ओलांडल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना दिल्लीत सन्मानासाठी बोलावले. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

आजचे मडके

मुंबई राज्याच्या विभागणीनंतर झरी महाराष्ट्रात राहिले, तलासरी तालुक्यात आले, आणि २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला. दुसरीकडे, जून २०२० मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने नीरा व ताडगुळाचा प्रकल्प डहाणूतूनच सुरू केला. २०० स्थानिक कारागिरांना सात दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्येकी सुमारे १५ हजार रुपयांचा साहित्यसंच दिला गेला. त्यात गूळ आटवायची पोलादी कढई होती, साचे होते, सुऱ्या आणि दोरही होते. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत सुरू झालेला विचार त्यांच्या पश्चात २२ वर्षांनी शिंदीच्या झाडाखाली पोचला.

नीरा पिणाऱ्याने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नीरा हे अन्न आहे, औषध नाही. रक्तक्षयाचे निदान झालेल्या मुलाला किंवा गर्भवतीला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतातच, त्या नीरेमुळे बंद करू नयेत. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात २० ते ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच ते सात चमचे. मधुमेह असलेल्यांनी ती टाळावी. ताडगूळ उसाच्या गुळाहून वेगळा असला तरी तोही शेवटी साखरच.

नीरा फेसाळलेली, गढूळ किंवा वासाला आंबूस असेल तर ती नीरा राहिलेली नाही. ती मुलांना आणि गर्भवतींना देऊ नये. गरोदरपणात मद्यार्काचे कोणतेच प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, मग तो ताडीतला असो वा बाटलीतला. ताडी सौम्य असते हा समजही फसवा आहे. पाच टक्के मद्यार्काच्या एक लिटर ताडीतून सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो, आणि ताडी पिणारा एका लिटरवर थांबतोच असे नाही. रोजच्या या मात्रेने यकृत खराब व्हायला वेळ लागत नाही. शहरांत विकली जाणारी ताडी तर अनेकदा ताडीही नसते. क्लोरल हायड्रेट या गुंगीच्या रसायनाची भेसळ महाराष्ट्रात वारंवार पकडली गेली आहे. ते श्वसन मंदावते आणि जीव घेऊ शकते.

मडक्याच्या तोंडाला जाळी किंवा झाकण हवे. बांगलादेशात फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या लाळेने आणि मूत्राने दूषित झालेला शिंदीचा कच्चा रस पिऊन निपाहची लागण झाल्याचे सिद्ध झाले आहे. म्हणून झाकलेल्या मडक्यातला रसही उकळून घेणे अधिक सुरक्षित. उकळल्याने क जीवनसत्त्व थोडे कमी होईल, पण ते आवळ्यातून किंवा लिंबातून सहज भरून काढता येते.

संध्याकाळी धुऊन, चुना फिरवून बांधलेले मडके आणि उजाडण्याआधी ते उतरवायला झाडावर चढणारा माणूस, एवढ्यावर नीरा टिकते. त्याला पहाटे झाडावर चढावेसे वाटले पाहिजे, तर नीरेचा भाव ताडीपेक्षा चांगला आणि वेळेवर मिळाला पाहिजे. झरीच्या माणसांनी १९४५ मध्ये मागितले होते तेही घामाचे रोख दामच. कमलाबाईंनी रसातली साखर, जीवनसत्त्वे आणि लोह मोजून आपले काम केले. चढणाऱ्याच्या कष्टांचे माप पुरे भरण्याचे काम अजून शिल्लक आहे.